महागडं पेट्रोल, मामांची व्हॅन आणि माझी व्हायवा

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

मेकॅनिकलला ॲडमिशन घेतली की एक गोष्ट नशिबी येतेच. सुट्टीत घरी गेलो की पाण्याच्या मोटारीपासून शिलाई मशीनपर्यंत गावातली प्रत्येक बंद पडलेली वस्तू आपल्यासमोर आणून ठेवली जाते. "बघ रे, तू इंजिनिअर होऊ राहिला ना?" आपण फर्स्ट इयरला फक्त एम-वन आणि ग्राफिक्स शिकलोय हे सांगून उपयोग नसतो. मग आपणही चार शब्द फेकतो आणि सुटका करून घेतो.

असेच चार शब्द मी दिवाळीच्या सुट्टीत फेकले आणि ते माझ्या मामांना तीन हजार रुपयांना पडले.

मामा राजूर रस्त्यावरच्या दोन-तीन गावांमधली मुलं जालन्याच्या शाळेत ने-आण करतात. गाडी म्हणजे एक जुनी पेट्रोल व्हॅन. रोजचं सत्तर किलोमीटर रनिंग, लिटरला चौदाचं ॲव्हरेज, म्हणजे रोज पाच लिटर. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "भाचे, गाडी चढावर टकटक करू राहिली. पंपावरचं पोरगं म्हणतं, प्रीमियम टाका, सात-आठ रुपये जास्त लागतात पण इंजिन मोकळं होतं. टाकू का?"

मी फराळाच्या ताटावरून मान वर न करता म्हणालो, "टाका की मामा. ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त. ॲव्हरेजपण वाढंल."

मामांचा माझ्यावर विश्वास. त्यांनी तीन महिने प्रीमियमच टाकलं. महिन्याला साधारण सव्वाशे लिटर, लिटरमागे आठ रुपये, म्हणजे महिन्याला हजार. फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. "भाचे, ॲव्हरेज तर हाय तेवढंच हाय. टकटकबी तशीच हाय. मी काही चुकू राहिलो का?" चुकले ते नव्हतेच. तीन हजार म्हणजे आपल्या मेसचं जवळपास एका महिन्याचं बिल, हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

त्याच आठवड्यात आय. सी. इंजिनची ओरल होती. एक्स्टर्नल सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "ऑक्टेन नंबर म्हणजे काय?" मी छातीठोकपणे सांगितलं, "सर, पेट्रोलची पॉवर." सर शांतपणे म्हणाले, "अस्सं. मग १०० ऑक्टेनच्या एका किलोत ९१ ऑक्टेनच्या किलोपेक्षा जास्त ऊर्जा असते? आकडा सांगा." आकडा नव्हताच. सर म्हणाले, "वाचून या." मार्कांचं काय झालं ते विचारू नका. पण वाचलं मात्र खरं. जे कळलं ते इथे लिहितोय, कारण आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्येही रोज हीच चर्चा चालते.

आधी ती टकटक समजून घेऊ. पेट्रोल इंजिनात पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं, मग स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. ठिणगीपासून ज्योत सुरू होते आणि सिलिंडरभर पसरत जाते. लोक म्हणतात पेट्रोलचा 'स्फोट' होतो. नीट चाललेल्या इंजिनात तो होत नाही. शेतात उसाचं पाचट एका बांधावरून पेटवलं की जाळाची रेघ हळूहळू पुढे सरकते ना, तसंच ते जळणं असतं. पण ज्योत पुढे सरकताना तिच्या पुढचं न जळलेलं मिश्रण आणखी दाबलं जातं आणि तापतं. ते जर फार तापलं तर ज्योत पोहोचायच्या आधीच आपोआप पेट घेतं. बांधावरचा जाळ यायच्या आत पलीकडचा कोपरा एकदम भडकावा तसं. सिलिंडरमध्ये दाबाच्या लाटा आदळतात आणि आपल्याला टकटक ऐकू येते. यालाच नॉकिंग म्हणतात. थोडं असेल तर नुसता आवाज. सतत आणि जोरात असेल तर पिस्टनला भोक पडेपर्यंत मजल जाते.

ऑक्टेन नंबर म्हणजे हे आपोआप पेटणं सोसण्याची पेट्रोलची क्षमता. ताकद नव्हे, दम. दाब आणि उष्णता सहन करत ठिणगीची वाट बघत बसायचा दम.

ही मोजपट्टी १९२६ साली ग्रॅहम एडगर या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने मांडली. आयसो-ऑक्टेन हे सहसा नॉक न करणारं द्रव्य, त्याला १०० दिले. नॉर्मल हेप्टेन लगेच नॉक करतं, त्याला शून्य. आपलं पेट्रोल एका खास एक-सिलिंडरच्या इंजिनात चालवायचं. या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो चालू असतानाच बदलता येतो. मग ते या दोघांच्या कोणत्या मिश्रणासारखं नॉक करतं ते बघायचं. ९१ टक्के आयसो-ऑक्टेनच्या मिश्रणासारखं वागलं तर ते ९१ ऑक्टेनचं. म्हणजे ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये ९१ टक्के ऑक्टेन असतं असं नाही. (हा गैरसमज माझाही होता आणि माझ्या रूम पार्टनरचा अजूनही आहे.)

ही चाचणी दोन प्रकारे होते. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर घेतली तर येतो तो रिसर्च ऑक्टेन नंबर, म्हणजे रॉन. ९०० फेऱ्या आणि बरंच तापवलेलं मिश्रण, अशा कडक परीक्षेत येतो तो मोटर ऑक्टेन नंबर, म्हणजे मॉन. तो कमी येतो. भारतात सांगतात तो रॉन. अमेरिकेत पंपावर दोन्हींची सरासरी लिहितात. म्हणून तिकडे असलेला एखाद्याचा चुलतभाऊ "आम्ही ८७ टाकतो" म्हणाला तर हसू नका. त्याचं ८७ आपल्या ९१-९२ च्या आसपासच भरतं.

आता सरांचा प्रश्न. एका किलो पेट्रोलमध्ये सुमारे ४३ ते ४४ मेगाज्यूल ऊर्जा असते. ऑक्टेन ९१ असो की ९५, हा आकडा जवळपास तोच राहतो. मग रेसिंगच्या गाड्यांना जास्त ऑक्टेन का लागतं? उत्तर आपल्याच थर्मोच्या वहीत आहे. ऑटो सायकलची एफिशियन्सी कॉम्प्रेशन रेशोवर अवलंबून असते. गॅमा १.४ धरून सूत्रात घाला. रेशो ९ असेल तर ५८ टक्के, १० ला ६० टक्के, १२ ला ६३ टक्के. (हे आदर्श सायकलचे आकडे. खऱ्या इंजिनात याच्या निम्म्याच्या आसपास हाती लागतं, बाकीचं सायलेन्सर आणि रेडिएटर खातात.) म्हणजे मिश्रण जितकं जास्त दाबाल तितकं काम जास्त मिळतं. पण जास्त दाबलं की नॉकिंग येतं. ते टाळायला जास्त दमाचं पेट्रोल लागतं. फायदा दाबण्याचा असतो, ऑक्टेन फक्त तो दाब सोसून देतं. आणि कॉम्प्रेशन रेशो कारखान्यात ठरतो, पंपावर नाही! मामांनी पेट्रोल बदललं, पण पिस्टन तेवढाच वर जात होता. मग ॲव्हरेज कुठून वाढणार?

याच शोधाच्या मागे विसाव्या शतकातलं एक मोठं विष लपलेलं आहे. डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना सापडलं की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड चिमूटभर टाकलं की नॉकिंग थांबतं. स्वस्त आणि मस्त. पुढची कित्येक दशकं जगभरच्या गाड्या धुरातून शिसं सोडत राहिल्या. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं हे पुढे पक्कं झालं. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या नव्या गाड्यांपासून बिनशिशाच्या पेट्रोलची सुरुवात झाली आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं. फ्रिजमधला ओझोन खाणारा वायूही याच मिजली साहेबांची देणगी. एका माणसाने वातावरणाचं इतकं नुकसान केल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण. असो.

मग प्रीमियम पेट्रोल आलं कुठून? २००२ मध्ये भारत पेट्रोलियमने 'स्पीड' आणलं, त्याच सुमारास हिंदुस्तान पेट्रोलियमचं 'पॉवर' आणि इंडियन ऑइलचं 'एक्स्ट्राप्रीमियम'. नावंच अशी की टाकी भरली की गाडी उडेल असं वाटावं! त्यांत मुख्य भर होता तो इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह साफ ठेवणाऱ्या ॲडिटिव्हवर. ही साफसफाई खोटी नाही, पण साफ ठेवणं वेगळं आणि ताकद वाढवणं वेगळं. पुढे खरोखर जास्त ऑक्टेनची पेट्रोलं आली. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने पुण्या-मुंबईसह दहा शहरांत १०० ऑक्टेनचं एक्सपी-१०० आणलं.

आता या सगळ्यात एक गंमत आहे, आणि ती ऐकून मामांनी कपाळावर हात मारला. बीएस-सिक्सच्या नियमाप्रमाणे साध्या पेट्रोलचा रॉन किमान ९१ असतो. पण दरम्यान इथेनॉल आलं. जून २०२२ मध्ये देशात दहा टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-ट्वेंटी निवडक पंपांवर सुरू झालं आणि २०२५ मध्ये ते देशभर पोचलं. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या वर आहे. त्यामुळे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितल्याप्रमाणे ई-ट्वेंटीचा रॉन ९५ च्या आसपास जातो. म्हणजे मामा आठ रुपये जास्त देऊन '९५' घेत होते, तेव्हा शेजारच्या नोझलमधून साध्या भावातही जवळजवळ तेवढाच ऑक्टेन वाहत होता!

आणि 'ऑक्टेन वाढलं की ॲव्हरेज वाढतं' या माझ्या विधानाला इथेनॉलसारखा दुसरा खणखणीत पुरावा नाही, पण उलट्या बाजूने. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल, एक लिटर इथेनॉलमध्ये २१. ई-ट्वेंटीचा हिशोब करा. ०.८ गुणिले ३२ अधिक ०.२ गुणिले २१, म्हणजे २९.८. शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे सात टक्के कमी. ऑक्टेन वर गेलं आणि लिटरमधली ऊर्जा खाली आली. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही हेच दिसतं. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई-ट्वेंटीवर सहा-सात टक्के घटेल, तशाच दुचाकीचं तीन-चार टक्के, आणि दहा टक्क्यांसाठी बनवून वीससाठी जुळवलेल्या चारचाकीचं एक-दोन टक्के.

इथे मला इथेनॉलला शिव्या घालायच्या नाहीत. आपल्या जिल्ह्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर अंबड-घनसावंगीकडे ऊस उभा आहे, भोकरदन-जाफराबादकडे मका आहे. इथेनॉल दोन्हीपासून होतं आणि तो पैसा आपल्याच बापांच्या खिशात येऊ शकतो. शिवाय इथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, मिश्रण थंड होतं, नॉकिंग आणखी लांबतं. या गुणाचा फायदा घ्यायचा तर इंजिनच जास्त कॉम्प्रेशनचं बनवायला हवं. जुन्या गाडीत तो गुण नुसता पडून राहतो आणि ऊर्जेची तूट मात्र रोज जाणवते. ती तूट प्रीमियम टाकून भरून निघत नाही, कारण ऑक्टेन म्हणजे ऊर्जा नव्हेच.

म्हणजे जास्त ऑक्टेन कुणालाच उपयोगी नाही का? तसंही नाही. स्टाफ पार्किंगमध्ये हल्ली दोन-तीन टर्बो पेट्रोल गाड्या दिसतात. टर्बो हवा आधीच दाबून सिलिंडरमध्ये ढकलतो, त्यामुळे नॉकिंगची भीती मोठी. अशा गाडीत नॉक सेन्सर असतो. तो ब्लॉकची थरथर ऐकतो आणि नॉकिंग जाणवलं की ठिणगी थोडी उशिरा टाकायला लावतो. इंजिन वाचतं, पण थोडी ताकद जाते. जास्त दमाचं पेट्रोल असेल तर ठिणगी मागे घ्यावी लागत नाही. मे महिन्यात जालन्याच्या बेचाळीस डिग्रीत, गाडी भरलेली, एसी सुरू आणि समृद्धीवर १२० ची मर्यादा गाठलेली, अशा वेळी फरक पडू शकतो. किती? अमेरिकेतल्या एएए या वाहनधारकांच्या संस्थेने २०१७ मध्ये अशा गाड्या तपासल्या, ज्यांना कंपनी प्रीमियमची शिफारस करते पण सक्ती करत नाही. ॲव्हरेज सरासरी २.७ टक्के आणि हॉर्सपॉवर १.४ टक्के वाढली. आणि ज्या गाड्यांना साधंच पेट्रोल चालतं त्यांना? त्याच संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं की काहीच फायदा नाही, आणि वर्षभरात अमेरिकन लोकांनी त्यापायी २१० कोटी डॉलर उगाच घातले. आपले मामा एकटे नाहीत तर!

हिशोबापुरतं साधं पेट्रोल १०५ आणि प्रीमियम ११३ धरा. पैसे वसूल व्हायला ॲव्हरेज साडेसात टक्क्यांनी वाढायला हवं. शिफारस असलेल्या गाडीतही २.७ मिळतं. बाकी गणित तुम्हीच करा.

ज्या गाडीच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर '९५ किंवा जास्त' असं लिहिलंय तिला मात्र ते द्यावं, त्यात काटकसर नको. हॉस्टेलमध्ये ३९० सीसीच्या ज्या एक-दोन ड्यूक आहेत त्यांचं कॉम्प्रेशन १२ च्या वर आहे. त्यांनी पुस्तिका वाचावी. (पुस्तिका सीटखाली असते, अजून प्लॅस्टिकमध्येच असेल.) स्प्लेंडरवाल्यांनी प्रीमियमचे पैसे चहाला वापरावेत.

"पण मला फरक जाणवतो ना!" असं म्हणणारा प्रत्येक मजल्यावर एक असतो. त्याला विचारा, मोजलंस कसं? पाच लिटर भरताना नोझल पाव लिटर आधी बंद झालं तर तिथेच पाच टक्क्यांचा घोळ. टायरमध्ये हवा कमी, चेन सैल, एअर फिल्टर चोंदलेला, मागे एक मित्र बसलेला, समोरून वारा. यातली एकेक गोष्ट ऑक्टेनपेक्षा जास्त फरक पाडते. शिवाय महागडं पेट्रोल टाकलं की माणूस गाडीही जरा जपून चालवतो. एकसारखं मोजायचं म्हणूनच पुण्याच्या एआरएआयमध्ये गाडी रोलरवर ठेवून ठरलेल्या वेगाच्या तक्त्याप्रमाणे चालवतात.

राहिली मामांच्या व्हॅनची टकटक. साधं पेट्रोल टाकूनही जी गाडी आधी नॉक करत नव्हती, ती आता का करते? हा प्रश्न मी दिवाळीतच विचारायला हवा होता. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटरवर आहे. उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे नॉकिंग उलट किंचित कमीच व्हायला हवं. म्हणजे काहीतरी बिघडलंय. काय बिघडलं की नॉकिंग होतं? इंजिन जास्त तापलं, आत कार्बन साचून कॉम्प्रेशन वाढलं, ठिणगी वेळेच्या आधी पडू लागली, चुकीच्या हीट रेंजचा प्लग बसवला, किंवा चढावर गियर न उतरवता गाडी रेटली.

मार्चमध्ये शनिवारी मी बसने गेलो आणि मामांना घेऊन गॅरेजला गेलो. मिस्त्रींनी इंजिन सुरू ठेवून दहा मिनिटं नुसतं बघितलं. मग बोट दाखवलं. रेडिएटरचा पंखा फिरतच नव्हता. त्याच्या कनेक्टरची तार गंजून तुटली होती. गाडी कित्येक महिने तापून चालत होती. टेंपरेचरचा काटा बंद आहे हे मामांना माहीत होतं, पण "तो कवाचाच बंद हाय" म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. काटा, तार, कनेक्टर आणि मजुरी धरून सातशेच्या आत काम झालं. मिस्त्री म्हणाले, अजून एक उन्हाळा असाच काढला असता तर हेड गॅस्केट गेलंच असतं, आणि तेही मुलं गाडीत असताना, भर दुपारी, रस्त्याच्या मधोमध. हे ऐकून मला तीन हजारांपेक्षा जास्त लागलं. कारण मी प्रीमियम टाकायला सांगितलं नसतं तर मामा दिवाळीतच गॅरेजला गेले असते.

परतताना साधं पेट्रोल भरलं. राजूर रस्त्याच्या चढावर मामांनी मुद्दाम तिसऱ्यात गाडी खेचली आणि रेडिओ बंद केला. आम्ही दोघंही कान लावून बसलो. टकटक नव्हती.

घरी चहा पिताना मामा म्हणाले, "बरं भाचे, आता सीएनजीचं किट बसवावं का? तो गॅस लई चांगला म्हणतात. त्याचा ऑक्टेन किती असतो?"

तो १२० च्या आसपास असतो, हे मला माहीत होतं. जीभेवर आलंही होतं. पण मी म्हटलं, "मामा, पुढच्या रविवारी सांगतो. आधी तुमच्या गाडीचं नीट बघून घेतो."